ओ देणारी तेरेजामावशी

तेरेजामावशीची आणि माझी ओळख एका ओमुळे झाली. ती ओ देण्याची पाळी खरं म्हणजे तिची नव्हतीच.

अ‍ॅडलेडमधल्या मॉसन लेक्सच्या तळ्याकाठी मी माझ्या मुलीला हाका मारत होते. ईरा तेव्हा पाच वर्षांची होती आणि एकदा बदकांच्या मागे लागली की तिला आईबाप आठवत नसत. "ईराऽऽ," मी ओरडले. काही नाही. "ए ईराऽऽ!" तरी काही नाही. तिसऱ्या हाकेला मात्र अगदी माझ्या पाठीमागून खणखणीत उत्तर आलं, "ओऽऽ!"

मी दचकून वळले. बाकावर सत्तरीला टेकलेली एक बाई बसली होती. फुलाफुलांचा फ्रॉक, त्यावर बाह्या दुमडलेला पुरुषी स्वेटर, डोक्यावर पांढरी टोपी आणि गळ्यात दुर्बीण.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं. ओ ऐकल्यावर हा प्रश्न विचारण्यात काही अर्थ नव्हता, पण विचारला.

"वसईची," ती म्हणाली. "सॉरी हां. तुझी पोरगी ओ देईना, मग मलाच राहवेना. कुणीतरी द्यायला पाहिजे ना? हाक अशी रिकामी जाऊ देऊ नये गं."

तेवढ्यात ईरा धापा टाकत आली आणि तिच्या नेहमीच्या तोऱ्यात म्हणाली, "व्हॉट?"

"व्हॉट नाही बाय. ओ," मावशी तिला म्हणाली. "आधी ओ द्यायची. मग काय ते विचारायचं." ईराने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि एकदम दुर्बिणीलाच हात घातला. मावशीने ती काढून तिच्या गळ्यात घातली. तेवढ्यावर दोघींचं जमलं, माझं जमायला पुढे दोन-तीन आठवडे लागले.

मावशीला जाऊन आता दीड वर्ष झालं. ती असती तर म्हणाली असती, एक वर्ष झालं. तिचा हिशेब वेगळा होता, तो पुढे सांगते.

ओ देण्याची तिची खोड सगळीकडे चालायची. इंडियन ग्रोसरीत कुणी "आंटी" म्हटलं की ही वळलीच. चर्चच्या आवारात तीन तेरेजा होत्या, कुणी कुणालाही हाक मारली तरी आमचीच आधी उत्तर द्यायची. एकदा दवाखान्यात नर्सने भलत्याच बाईचं नाव तीनदा पुकारलं आणि ती बाई जागेवर नव्हती. मावशी उठून म्हणाली, "शी इज नॉट हिअर, लव्ह, बट आय अ‍ॅम." मी तिला चिडवायची, "मावशी, तू काय सगळ्या जगाची हजेरी घेतेस का?" ती म्हणायची, "घेत नाही. देते."

तिने अ‍ॅडलेडच्या एका मॅटर्निटी वॉर्डात तीस वर्षं नर्सची नोकरी केली होती. भिंतीपलीकडे रडणारं मूल कुठल्या खाटेवरच्या बाईचं आहे हे न बघता सांगते, असं ती म्हणायची, आणि मला ते खरं वाटायचं. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. घर छोटं, मागे चार केळी लावलेल्या. अ‍ॅडलेडच्या कोरड्या हवेत त्यांना धड फळ धरत नसे, तरी जे काही येई ते सोलून ती उन्हात घालायची आणि त्याला सुकेळी म्हणायची. वसईच्या माणसाने ती सुकेळी पाहिली असती तर भांडण झालं असतं. आम्ही निमूट खायचो.

महिन्यातला एक आठवडा मात्र ती घरी नसायची. दोन तास दक्षिणेला जाऊन, तिथून फेरीबोटीने ती एका बेटावर जायची. बेटाच्या पलीकडच्या अंगाला, जिथून पुढे नुसताच समुद्र, तिथे एका किनाऱ्यावर समुद्रसिंहांची वसाहत होती. मावशी तिथली व्हॉलंटियर. जनावरं मोजायला दुसरे लोक होते. हिचं काम वाळूच्या टेकडीपाशी बसून लिहायचं, की कोण पाण्यातून आलं, कोण कुणाशेजारी झोपलं, कोण कुणावर खेकसलं आणि कुठलं पिल्लू कुणाचं दूध प्यालं.

"म्हणजे गावच्या चौकशा," मी म्हटलं.

"मग? त्यासाठी डिग्री लागते असं तुला वाटलं?"

या जनावरांचं वर्ष दीड वर्षाचं असतं. माद्या दर अठरा महिन्यांनी वितात. त्यामुळे त्यांचा पिल्लांचा हंगाम एकदा उन्हाळ्यात आला तर पुढच्या खेपेला हिवाळ्यात येतो. मावशीला हे फार आवडायचं. सण एका जागी बसत नाही, फिरतो, असं ती म्हणायची. स्वतःचं वयही त्याच वर्षांत सांगायची. एकोणसत्तराव्या वाढदिवसाला तिने केकवर सेहेचाळीस लिहून घेतलं होतं आणि शेजारच्या ऑस्ट्रेलियन बाईने ते मनापासून खरं मानलं होतं.

ती वही मराठीत लिहायची. लांबट, रेघारेघांची वही, पेन्सिलीने. विचार मराठीत येतो, इंग्रजी करत बसले तर तेवढ्यात जनावर कूस बदलून मोकळं होतं, हे तिचं कारण. पण तिथली मुख्य रेंजर अ‍ॅलिसन, सगळे तिला अ‍ॅली म्हणत, तिला इंग्रजी शीट लागायची. आधी मावशी घरी येऊन आठवडाभर ते भाषांतर करत बसायची. मग मी सापडले. "तू कॉम्प्युटरवाली ना?" असं म्हणून तिने ते काम माझ्यावर ढकललं. मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांची यादी करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. बेटावरून रोज संध्याकाळी ती वहीच्या पानांचे फोटो पाठवायची आणि मी जेवणं आटोपली की टाइप करायची. जनावरांना तिने वसईच्या आपल्या गल्लीतल्या माणसांची नावं दिली होती.

"सकाळी नऊ. इनास पाण्यातून आली. दमलीय. फिलूशेजारी आडवी झाली. फिलूने जागा दिली, पण तोंड वाकडं केलं."

"रोझीबाय आणि मोनिका, जावा जावा. दिवसभर एकमेकींना चावतात. झोपतात मात्र पाठीला पाठ लावून."

जावांना इंग्रजीत काय म्हणायचं? मी लिहिलं, दोन प्रौढ माद्या, परस्परांशी आक्रमक, विश्रांतीच्या वेळी शरीरस्पर्श राखून. मावशीला वाचून दाखवलं तर ती हसत सुटली. "एवढं लांबलचक? आमच्या गल्लीत पोराटोरांनाही एका शब्दात कळतं."

एक दांडगा नर होता, मानेवर फिकट आयाळ असलेला. त्याचं नाव मुकादम. त्याच्याबद्दल एका पानावर होतं, "मुकादम आठ दिवस फिलूपाशी खडा. खाणं नाही, पिणं नाही. ती समुद्राकडे निघाली की हा वाटेत आडवा. आज शेवटी फिलू गेलीच. तासाभरात हा मोनिकाच्या दारात." आणि समासात एकच शब्द, "पुरुष." हा शेरा मी इंग्रजीत उतरवला नाही. अ‍ॅलीला तो आवडला असता असं आता वाटतं. पण मला तेव्हापासून तिच्या वहीतलं गाळायची सवय लागली, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

मी पहिल्यांदा तिच्याबरोबर बेटावर गेले तेव्हा उन्हाळा उतरणीला लागला होता. त्या खेपेची पिल्लं तीन-चार महिन्यांची झाली होती. अ‍ॅलीने मला नारिंगी जाकीट दिलं आणि तीन नियम सांगितले. जनावराच्या दहा पावलांच्या आत जायचं नाही. काही झालं तरी मध्ये पडायचं नाही. तोंडातून आवाज काढायचा नाही. मावशी शेजारी उभी राहून मान डोलवत होती, हे सगळं तिनेच शोधून काढल्यासारखी.

टेकडीच्या पायथ्याशी आम्ही बसलो. समोर वाळूवर साठ-सत्तर जनावरं पसरली होती आणि सगळी झोपेत होती. दोन दिवस समुद्रात भटकायचं, खोल तळाशी जाऊन मासे धरायचे, आणि परत येऊन दोन दिवस झोप काढायची, असा त्यांचा क्रम. माद्या रुपेरी, पोटाशी सायीच्या रंगाच्या. पिल्लं चॉकलेटी. वाऱ्याने वाळू त्यांच्या अंगांवर चढत होती आणि कुणी ती झटकत नव्हतं. उन्हात सगळा किनारा हलत होता. जनावर कुठे संपतं आणि वाळू कुठे लागते ते कळेना. लाटेचा आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा लाट. तासाभराने माझेही डोळे जड झाले. मावशी बारीक आवाजात नावं सांगत होती, ही फिलू, ती मोनिका, कडेला रोझीबाय. त्या गुंगीत मला वसईची एक गल्ली दिसायला लागली. मी वसईला कधी गेलेलीच नाही. तरी दारांत बसलेल्या लाल लुगड्यांतल्या बाया दिसल्या, सुकत घातलेली केळी दिसली, आणि त्या बाया एकेक करून उठून वाळूवर येऊन आडव्या झाल्या.

"खऱ्या फिलूला ठाऊक आहे का गं हे?" मी डोळे न उघडता विचारलं.

"ती कधीच गेली. सगळ्याच गेल्या. इनास, रोझीबाय, सगळ्या." थोड्या वेळाने ती म्हणाली, "ह्या पोरी जिथे जन्मतात ना केतू, तिथेच परत येतात. त्या बाजूच्या किनाऱ्यावर वाळू रिकामी पडलीय, तरी जात नाहीत. इनासची आई याच झुडपाखाली व्यालेली. आपणच निघून आलो."

माझी आई पुण्यात एकटी राहते.

तेवढ्यात काठाच्या फेसात एक डोकं वर आलं. इनास होती. ती ओली, काळपट, अंग ओढत वाळूवर आली, मान वर केली आणि हंबरल्यासारखी हाक मारली. शेवटी ती हाक जराशी चिरकली. किनाऱ्यावर तीन पिल्लांनी मान उचलली. एक धावत तिच्याकडे गेलं. इनासने त्याचा वास घेतला, दात विचकले आणि त्याला बाजूला भिरकावलं.

"परक्याचं आहे," मावशी पुटपुटली. "थांब."

इनासने पुन्हा हाक मारली. या वेळी वर, झुडपांच्या दाटीतून, कापरं, किरटं उत्तर आलं. मावशीच्या चेहऱ्यावर ते आधी दिसलं आणि मग मला ऐकू आलं. इनासची हाक, पिल्लाचं उत्तर, पुन्हा हाक, पुन्हा उत्तर, असं करत दोघं एकमेकांकडे सरकत गेली. जवळ आल्यावर इनासने पिल्लाच्या नाकाला नाक लावलं आणि बराच वेळ तशीच राहिली. मग कुशीवर आडवी झाली. ते पिल्लू म्हणजे पास्कू.

"आवाजावर अर्धं ओळखते," मावशी म्हणाली. "वासावर पुरतं. वास घेतल्याशिवाय दूध नाही."

आणि मग, पास्कू दूध पीत असताना, तिने मला तिच्या आईची गोष्ट सांगितली. नजर समोरच होती, पेन्सिल हातात होती.

आई वसईला शेवटच्या आजारात होती आणि मावशी इथे वॉर्डात. तिकीट मिळालं ते दोन दिवसांनंतरचं. आई सारखी हाका मारत होती, तेरेज, ए तेरेज. घरातले कुणी ओ देत नव्हते, काय देणार. शेवटी भावाने फोन लावून आईच्या कानाशी धरला. "मी ओ दिली. एवढ्या मोठ्याने दिली की वॉर्डातल्या बाया जाग्या झाल्या. तर आय म्हणाली, ही कोण बाय आहे? हिला सांग, माझी तेरेज घरी नाहीय." मावशीने वहीवरची वाळू फुंकली. "फोनला वास नसतो ना. ती तरी काय करणार."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वहीत लिहिलं, "इनास, पास्कू. वीस मिनिटं. दोघं झोपले."

हे झाल्यावर महिन्याभराने ती नेहमीप्रमाणे बेटावर गेली. शनिवारी पोचली. रविवारी इनास समुद्रात गेली. दोन दिवसांत यायला हवी होती, फार तर तीन. बुधवारचं पान आलं त्यात होतं, "इनास नाही." गुरुवारी संध्याकाळी जे पान आलं ते मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

"गुरुवार. पाचवा दिवस, इनास नाही. पास्कू सकाळपासून हाका मारतोय. ऐकवत नाही. दुपारी तीन वाजता माझी चूक झाली. मी ओ दिली, इनाससारखा आवाज काढून. तो झुडपातून बाहेर आला आणि माझ्याकडे यायला निघाला. वाटेत रोझीबाय. तिने त्याला मानेला धरून आपटला. मी उठले, त्याला स्वेटरात गुंडाळून झुडपात नेऊन ठेवला. तिन्ही नियम मोडले. मानेवर जखम. तेव्हापासून तो ओरडत नाही."

मी ते तीन-चार वेळा वाचलं. त्या दिवशी अ‍ॅली बेटावर नव्हती, कामासाठी शहरात आली होती. शनिवार ते शनिवार असलेल्या बाकीच्या तिघा व्हॉलंटियरपैकी कुणी हे पाहिलं नव्हतं. मी शीट उघडली आणि लिहिलं, पिल्लू प्रौढ मादीकडून जखमी, मानेवर चावा. यात खोटं काही नव्हतं. मावशीचं जे काही उरलेलं आयुष्य होतं ते त्या वाळूवर होतं. अ‍ॅलीने हे वाचलं तर ती वाळू तिला बंद होणार, हे मला दिसत होतं. बाकीच्या ओळी मी गाळल्या आणि पुण्य केल्यासारखी झोपले.

शुक्रवारी संध्याकाळी फोन आला.

"केतू, तू माझ्या ओळी खाल्ल्यास."

"मावशी, अगं, मी तुझ्यासाठीच..."

"सकाळी अ‍ॅलीने आम्हा चौघांना विचारलं, या पिल्लाचं काय झालं कुणाला माहितीय का. मी म्हटलं, लिहिलंय की सगळं. ती म्हणाली, शीटमध्ये नुसता चावा आहे, बाकी काहीच नाही. लाज वाटली मला. मग वही उघडून तिला एकेक ओळ वाचून दाखवली, माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये." मग ती म्हणाली, "हाक माझ्या नावाची होती ना? मग ओ मीच देणार. ती पण तू खातेस?"

मी सॉरी म्हटलं. आयुष्यात इतकं खरं सॉरी मी फार कमी वेळा म्हटलंय.

अ‍ॅली रागावली नव्हती. मावशीला जवळ घेऊन तिने नारिंगी जाकीट परत मागितलं. हंगाम संपेपर्यंत वाळूवर उतरायचं नाही, वर प्रवाशांसाठी बांधलेल्या लाकडी माचीवरून काय ते बघायचं. मावशीला त्याचं वाईट वाटल्याचं दिसलं नाही. तिचा जीव पास्कूपाशी अडकला होता.

"तो गप्प झालाय केतू. उद्या इनास आली, तिने हाक मारली आणि त्याने ओच दिली नाही तर? ती किती वेळ थांबेल? आणि दिली तरी त्याच्या अंगाला माझा वास आहे. माझा स्वेटर, माझा बाम. अ‍ॅली म्हणते, टॅग लावताना आम्ही पिल्लं हाताळतोच, आया घेतात परत. शी विल बी राइट, होईल सगळं ठीक, म्हणते." तिचा आवाज चिरकला. "तिला म्हणायला काय जातं."

शनिवारी पहाटे मी ईराला गाडीत घातलं आणि निघाले. मावशीचा आठवडा त्याच दिवशी संपत होता, तिला घेऊनच परत येईन असं नवऱ्याला सांगितलं. खरं तर मला तिच्यासमोर उभं राहायचं होतं.

ती माचीच्या टोकाला कठड्याला धरून उभी होती. जाकीट नसल्यामुळे लहान दिसत होती. ती मला रागावली नाही. ईराच्या केसांवरून हात फिरवला आणि पुन्हा खाली बघायला लागली. प्रवाशांचे दोन घोळके येऊन फोटो काढून गेले. समुद्रावर धुरकट पांढरं ऊन होतं. क्षितिज पुसून गेलं होतं. खाली सगळी वसाहत झोपली होती, रोझीबाय आणि मोनिकासुद्धा पाठीला पाठ लावून. झुडपांत काही हलत नव्हतं. आम्ही तिघी किती वेळ उभ्या होतो कोण जाणे, त्या उजेडात वेळ पुढे जातोय असं वाटत नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी फेसातून इनास वर आली. केवढी तरी वाळली होती आणि डाव्या वल्ह्यासारख्या पायावर लांब ओरखडा होता. सहा दिवस कुठे होती, तिच्यावर काय गुदरलं, हे कळायला मार्ग नव्हता. वाळूवर येऊन तिने मान वर केली आणि हाक मारली.

उत्तर आलं नाही.

ती थोडी पुढे सरकली, पुन्हा हाक मारली. एक परकं पिल्लू उठलं, तिने त्याला हुसकलं. पुन्हा हाक. झुडपांतून काहीच नाही.

"आजी," ईराने मावशीचा फ्रॉक ओढला. "कॅन आय से ओ?"

मावशीने जोरात मान हलवली. खिशातून रुमाल काढला, त्याबरोबर जपमाळ बाहेर आली ती तिने ईराच्या हातात दिली, आणि रुमाल दातांत धरला. मी तिच्या गळ्याकडे पाहत होते. इनासच्या प्रत्येक हाकेला तो गळा हलत होता. सगळ्या जगाला ओ देत फिरणारी बाई, आणि आज हाक मारणारी समोर असताना तिला गप्प राहायचं होतं. मी तिचा हात धरला.

इनास किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. मग वळून पाण्याकडे तोंड करून बसली. आणखी एकदा हाक मारली, पण आता समुद्राकडे. मला वाटलं, संपलं.

तेव्हा झुडपांत काहीतरी कुरकुरलं. घसा बसलेल्या माणसाने बोलायचा प्रयत्न करावा तसा आवाज. इनासने मान वळवली. ती ओरडली. पुन्हा तोच आवाज, या वेळी जरा लांब. पास्कू बाहेर आला तो एका अंगावर झुकत, चार पावलं टाकून बसत. रोझीबायने डोळा उघडला. इनास तिच्या आणि त्याच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि रोझीबायने डोळा मिटला.

मग वास. नाकाला नाक. मान खाली, जखमेपाशी. तिथे तिने एकदम डोकं मागे घेतलं. मावशीच्या तोंडातून रुमालाआडून बारीक हुंदका आला. इनासने पुन्हा नाक खाली नेलं. जखमेवर, पाठीवर, पोटाशी, जिथे जिथे तो स्वेटर लागला असेल तिथे तिथे ती हुंगत राहिली. माचीवर कुणी हलत नव्हतं. मग ती वाळूवर कुशीला झाली आणि पास्कू चाचपडत तिच्या पोटाशी गेला.

मावशीने रुमाल काढला, घडी केली, खिशात ठेवला.

त्यानंतर महिन्याभरात नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सिडनीला, केलीव्हिलला आलो. निरोप घ्यायला गेलो तेव्हा मावशीने डबाभर सुकेळी दिली आणि ईराला दुर्बीण दिली. रेंजरने पुढच्या हंगामापासून जाकीट परत द्यायचं कबूल केलं होतं. तो हंगाम काही तिला मिळाला नाही. एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेली, असं शेजारच्या बाईने फोनवर सांगितलं. माझ्या तोंडून आधी एवढंच निघालं, की कुणी हाक मारली होती का तिला. त्या बाईला प्रश्न कळला नाही.

पण निरोपाच्या वेळची मावशी काही माझ्या डोळ्यांसमोर राहिलेली नाही. मावशी म्हटलं की मला माचीवरच्या त्या दुपारची मावशी दिसते.

परतीची फेरी गाठायची होती. "तुम्ही व्हा पुढे," असं तिने हातानेच खुणावलं. मी आणि ईरा वर गाडीपाशी गेलो, सामान भरलं, वाट पाहिली. ती येईना. तिथून माची दिसत होती. कठड्याशी तिची पाठमोरी पांढरी टोपी, पलीकडे ती धुरकट पांढरी हवा, आणि मधे काहीच नाही. मी तोंडाशी हात धरून हाक मारली, "मावशीऽऽ! फेरी चुकेल!"

ओ आली नाही.

तिला ऐकू गेलं होतं. खांदे हलले, मान अर्धी वळली. मग तिने न बघताच एक हात वर केला आणि तळवा तसाच धरून ठेवला. खाली पास्कू पीत होता. त्या वाळूवर तेव्हा दुसरा कुठलाही आवाज तिला नको होता, स्वतःचा तर नकोच.

शेजारी ईराने भरभरून श्वास घेतला, मावशीच्या वतीने ओ द्यायला. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

पुन्हा हाक मारली नाही. फेरी चुकली.